डाउटफुल माल

रिकामं पिंप कधीच रिकामं नसतं. हे वाक्य मी माझ्या गोडाऊनच्या भिंतीवर रंगवून घेणार होतो, पण पेंटर अक्षरामागे पैसे मागायला लागला म्हणून राहून गेलं. आता या अंकात फुकट छापून येतंय, तर सुरुवात त्यानेच करतो.

इथे दर दिवाळीला डॉक्टर, मास्तर, बँकेतले साहेब आपल्या नोकरीच्या गोष्टी लिहितात. त्यांच्या पंगतीत मी बसतोय तो वापरलेली पिंपं विकणारा म्हणून. पेणला रामवाडीत हायवेलगत माझं गोडाऊन होतं. जन्म खारेपाटातला, बाप मिठागरावर, शाळा सातवीपर्यंत. बाकीचं शिक्षण मी भाव पाडता पाडता घेतलं. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाही विचारा. पण दामूशेठकडून घेतलेलं पिंप गळलं, असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही.

धंदा साधा आहे. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांचा कच्चा माल पिंपांतून येतो, काही लोखंडी, काही निळ्या प्लॅस्टिकची. माल संपला की पिंप उरतं आणि कारखान्याला त्याची अडचण होते. आम्ही ती लॉटने उचलायचो, धुवायचो आणि विकायचो. लोखंडी पिंप डांबरवाले नेत. निळं पिंप मात्र सगळ्यांना हवं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांना हवं, भात भरून ठेवायला शेतकऱ्याला हवं, आणि सगळ्यात जास्त हवं खारेपाटाला. खाडीकाठच्या आमच्या गावांत चहूकडे पाणी, पण प्यायला टँकर. टँकर आला की घरात जेवढी भांडी तेवढंच पाणी पदरात. अशा ठिकाणी पडवीत निळं पिंप असणं म्हणजे दारात विहीर असणं.

म्हणून पिंपात आधी काय होतं हे ओळखणं हाच खरा धंदा. साबणाचं तेल असलं तर ते धुऊन निघतं. काही माल असा असतो की कितीही धुवा, त्या पिंपात माणसाचं पाणी भरू नये. ते कापून भंगारात घालायचं. काय होतं ते पिंपावर चिकटवलेल्या लेबलवरून कळतं. लेबल फाटलेलं असलं तर नाक. लिलाव सकाळी असायचा, म्हणून सगळे व्यापारी सकाळीच नाक लावायचे. झाकण उघडायचं, डोकं आत घालायचं, वास आला नाही की बोली सुरू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या असल्यासारखे आम्ही ते करायचो.

भाव पाडायला माझ्याकडे एक शब्द होता, डाउट. तो मी कारखान्यांच्या गेटवर शिकलो. एखाद्याला 'मला शंका आहे' असं म्हणा, तो लगेच विचारतो, कुणाबद्दल? 'संशय' त्याहून वाईट. त्या शब्दाने घरं फुटलेली मी पाहिली आहेत. पण 'डाउट आहे' म्हटलं तर कुणाला लागत नाही. शाळेतली पोरं मास्तरांना 'सर, एक डाउट आहे' म्हणून हात वर करतात, मास्तर खूश होतात. इंग्रजी शब्दाने रबरी हातमोजा घातलेला असतो, कशालाही हात लावा. मी पिंपावर टिचकी मारायचो, तोंड वाकडं करायचो आणि म्हणायचो, "माल चांगला आहे साहेब, पण जरा डाउट आहे." कसला डाउट, ते मलाही ठाऊक नसायचं. साहेब मात्र खाली यायचे. त्या एका शब्दावर मी गोडाऊनचा पत्रा बदलला असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही.

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका कारखान्यात या शब्दाची मालकीण भेटली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिचं आडनाव गुरव. राहायला रोह्यातच, अष्टमी भागात. रसायनशास्त्र शिकलेली, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बारीक अंगाची, अॅप्रनच्या खिशात खडू. त्याआधी तिथे पिंपांवर दोनच शब्द लिहिले जायचे, ओके आणि रिजेक्ट. एका सकाळी मी गेलो तर एका रांगेवर तिसराच शब्द, सुंदर अक्षरात. डाउटफुल.

मला आनंद झाला. माझंच हत्यार कंपनीने स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, डाउटफुल आहे ना, मग अर्ध्या भावात टाका माझ्या टेम्पोत."

"अर्ध्या नाही आणि पूर्ण भावातही नाही. ती विकायची नाहीयेत."

"मग रिजेक्ट लिहा."

"ती खराब आहेत हे मला कुठे माहीत आहे?"

"मग ओके लिहा."

"चांगली आहेत हेही माहीत नाही."

मी हमालांकडे बघत मोठ्याने म्हणालो, ज्या माणसाला काहीच माहीत नाही त्याला कंपनी पगार कशाचा देते. हमाल हसले. तीही हसली. म्हणाली, "त्याचाच देते, शेठ. माहीत नाही, हे लिहिण्याचा."

मी तिथेच आरडाओरडा केला. मोकळा टेम्पो परत न्यायचा म्हणजे डिझेल कुणाच्या बापाचं, असं काहीबाही बोललो. ती ऐकून घेत उभी राहिली आणि मी दम खायला थांबल्यावर म्हणाली, दुपारी जेवून परत या.

दुपारी आलो तर तिने त्या पिंपांची झाकणं घट्ट लावून ती उन्हात मांडली होती. उन्हात पिंपं एवढी तापली होती की हात लावता येईना. तिने फडक्याने धरून एकाचं झाकण फिरवलं आणि बाजूला सरकली. मी सवयीने डोकं आत घातलं आणि खोकत बाहेर आलो. डोळ्यांतून पाणी. सकाळी त्याच पिंपाला मी नाक लावलं होतं, तेव्हा ते देवघरातल्या कलशासारखं स्वच्छ होतं.

मग तिने समजावलं. प्लॅस्टिक आतला माल थोडा थोडा पितं. धुतल्यावर वरचं जातं, प्यायलेलं भिंतीतच राहतं, आणि उन्हाने भिंत तापली की बाहेर यायला लागतं. सकाळच्या गारव्यात नाकाला काही कळणार नाही. मी विचारलं, म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं गाढवासारखी पिंपं हुंगली? ती म्हणाली, तसं नाही, चुकीच्या वेळेला हुंगली.

त्या रांगेतल्या दुसऱ्या पिंपाला मात्र उन्हातही वास आला नाही. तिने मला दोनदा हुंगायला लावलं, स्वतः हुंगलं, आत पाणी घालून ते नळीत घेऊन प्रयोगशाळेत गेली, आणि संध्याकाळी येऊन ओल्या फडक्याने स्वतःच्या हाताने डाउटफुल पुसून ओके लिहिलं. मला म्हणाली, तुम्हाला थांबवलं, सॉरी.

इथे मी तिला पहिल्यांदा मनातल्या मनात सलाम केला. कारण डाउट घेणारे मी खंडीभर पाहिले होते. कस्टमवाला घेतो, तलाठी घेतो, सासरे घेतात. पण एकदा घेतलेला डाउट त्यांना सोडवत नाही; चुकीचा निघाला तर त्यात अब्रू जाते असं त्यांना वाटतं. ही बाई डाउट घ्यायला जेवढी तत्पर तेवढीच तो पुसायला. तिला फक्त काय ते कळायला हवं असायचं. आणि माझा डाउट भाव पडला की संपायचा.

पुढे आमचं रोजचं झालं. मी भांडायचो, ती लिहायची. तिच्यामुळे माझा माल उशिरा मिळायचा, पण ज्यावर तिचा ओके असेल ते पिंप मी डोळे मिटून खारेपाटात द्यायचो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

एका उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या एका गावाने ठरवलं की घरटी एक निळं पिंप घ्यायचं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि हंडे-कळशांत येईल तेवढ्यावर आठवडा काढावा लागायचा. गावातर्फे बोलणी करायला बसली होती हिराआजी, मिठागरावर जन्म गेलेली म्हातारी. ती मला लहानपणापासून ओळखत होती, त्यामुळे तिच्याशी घासाघीस करणं अवघड. मी भाव सांगितला तर म्हणाली, "दाम्या, तुला शेंबूड पुसता येत नव्हता तवापासून मी तुला बघतंय. खरा भाव बोल." मी खरा भाव बोललो. सगळ्या गावासमोर शब्द दिला की पुढच्या टँकरच्या आत पिंपं दारात येतील.

त्याच वेळी रोह्याच्या कारखान्यात मोठा लॉट निघाला होता. मी टेम्पो घेऊन गेलो तर सगळ्या लॉटवर एकच शब्द. शेडमधली पाण्याची मोठी नळी फुटून पिंपांवर पाणी पडलं होतं आणि लेबलं गळून गेली होती. त्या शेडमध्ये दोन माल होते, एक साबणाचं तेल आणि दुसरा जहाल. कुठलं पिंप कशाचं, कुणालाच सांगता येईना.

मी हिराआजीला शब्द दिल्याचं सांगितलं. गावाला पाणी नाही हे सांगितलं. ती म्हणाली, पाण्यासाठीच हवीत म्हणून तर नाही देत. भाताला हवी असती तरी नसती दिली. एक-एक पिंप उन्हात ठेवून तपासायला वेळ लागेल. स्टोअरचे साहेब तिथेच होते, त्यांनाही शेड मोकळी करून हवी होती. ते तिला म्हणाले, बाई, तुम्ही फार ताणता. मी तर काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. ती लाल झाली, पण खडू हलला नाही. मी मोकळा टेम्पो घेऊन पेणला आलो आणि दोन दिवस घरात कुणाशी नीट बोललो नाही.

टँकरचा दिवस आला तेव्हा सकाळीच गावात गेलो, शब्द मोडल्याचं तोंडाने सांगावं म्हणून. वेशीतूनच दिसलं. दारोदार निळी पिंपं उभी होती. नागोठण्याचा पाटकर नावाचा व्यापारी, माझा जुना स्पर्धक, आदल्या दिवशी टेम्पो भरभरून देऊन गेला होता, माझ्यापेक्षा स्वस्त. हिराआजीच्या पडवीत एक पिंप होतं. त्याच्या पोटावर खडू पुसल्याचा पांढरा फराटा होता आणि फराट्याच्या शेवटी एक अक्षर राहिलं होतं. ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला गावाची काळजी वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, मला डाउट आणि पाटकरला माल! त्या तिरमिरीत मी टेम्पो तसाच रोह्याला हाणला.

गुरव मॅडम प्रयोगशाळेत होती. मी दारातूनच सुरू झालो, की कमिशन घ्यायचं होतं तर मला सांगायचं, मीही दिलं असतं. तिने हातातली नळी खाली ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, "कुठला लॉट?" मी सांगितलं आणि तिचा चेहरा उतरलेला पाहून माझा आवाज आपोआप खाली आला. ती आदल्या दिवशी रजेवर होती. साहेबांनी लॉट पाटकरला विकून टाकला होता. कोणी खडू पुसला ते आजपर्यंत कळलं नाही. साहेब म्हणाले हमालांनी, हमाल म्हणाले पाटकरच्या माणसांनी.

"त्यांनी पाणी भरलं?" तिने विचारलं.

"टँकर दुपारचा आहे."

ती अॅप्रन काढत म्हणाली, "टेम्पो बाहेर आहे ना? चला."

साहेब गेटपर्यंत मागे आले. म्हणाले, कंपनीच्या मालाबद्दल गावात जाऊन बोललात तर परत आल्यावर इथे तुमची खुर्ची असेल असं समजू नका. तिच्या घरी म्हातारे वडील होते आणि कमावणारी ती एकटी, हे मला ठाऊक होतं. तिने साहेबांना एवढंच विचारलं की कुठलं पिंप कशाचं आहे हे तुम्ही लिहून देता का. साहेब आत वळले. ती टेम्पोत चढली.

निडीजवळ रेल्वेचं फाटक बंद मिळालं. तिथे थांबल्या थांबल्या मी तिला शिकवायला लागलो. माणसांना वळवणं हा माझा धंदा, त्यात ती माझ्यापुढे कच्ची. मी म्हणालो, तिथे गेल्यावर एकच वाक्य बोलायचं, पिंपांत विष आहे. बाकी मी बघतो. बायका स्वतः लाथ मारून पिंपं आडवी करतील.

"पण विष आहे हे मला माहीत नाही."

"अहो, असू शकतं ना?"

"असू शकतं, हेच सांगणार."

"मॅडम, तिकडे आठवड्यातून एकदा पाणी येतं. 'असू शकतं' म्हटल्यावर कुणी पिंप सोडणार नाही. एक खोटं बोला, गाव वाचेल."

फाटक उघडलं. मग म्हणाली, "आज मी माहीत नसताना विष म्हणाले, तर उद्या खरंच विष असेल तेव्हा माझ्याकडे कुठला शब्द उरणार, शेठ?"

मी गिअर टाकला. नागोठणं गेलं, वडखळ गेलं. मनात म्हणत होतो, बाई स्वतःची नोकरी घालवून बसली आहे आणि गावही हातचं घालवणार.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर बांधावरून येताना दिसत होता आणि बायका पिंपं रस्त्याच्या कडेला आणून रांगेत लावत होत्या. मी टेम्पो आडवा घातला. पुरुष धावून आले. त्यांना वाटलं, पाटकरने गिऱ्हाईक पळवलं म्हणून दामूशेठ तमाशा करायला आला. एकाने तसं तोंडावर म्हटलं आणि माझ्यावर त्याची गचांडी धरायची वेळ आली. तेवढ्यात मॅडम पुढे झाली. कोण, कुठली ते सांगितलं. लेबलं गेल्याचं सांगितलं, दोन मालांचं सांगितलं. पिंपं तपासायच्या आधीच विकली गेली हेही सांगितलं, म्हणजे आपल्याच कंपनीची चूक स्वतःच्या तोंडाने.

एक जण म्हणाला, "बाई, सरळ सांगा. पानी भरायचा का नाय?"

"मी असते तर भरलं नसतं. पण यात काही वाईट आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला डाउट आहे."

लोक खवळले. टँकरवाला हॉर्न वाजवत होता, त्याला पुढच्या गावाला जायचं होतं. कोणी म्हणालं, माहीत नाय तर आली कशाला, आठ दिवस तू पाणी पाजणार हायस का. ती म्हणाली, नाही, मी नाही पाजू शकणार. प्रत्येक प्रश्नाला ती असं खरं उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर माणसं आणखी चिडत होती. मी कपाळाला हात लावला.

हिराआजी हे सगळं पिंपाला टेकून ऐकत होती. ती काठी टेकत पुढे आली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुझी नोकरी कंपनीत?"

"हो."

"आनि तू हतं आलीस ता तुझ्या सायबाला ठाव हाय?"

"हो. त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं होतं."

म्हातारी वळून गावाला म्हणाली, "जो येतो तो छाती ठोकून सांगतो, पानी येल, रस्ता होल, बांध फुटनार नाय. माना ठाव नाय असा बोलनारी ही पयली बघली. पिंपा बाजूला करा."

"आनि पानी कशात घ्यायचा गो आजे?" एका सुनेने विचारलं. प्रश्न बरोबर होता. टँकर जास्त वेळ थांबणार नव्हता.

आजीने काठी देवळाकडे दाखवली. "गावकीची भांडी काढा."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे गावाची मिळून मोठी भांडी असतात, पातेली, टोप, घंगाळं. देवळाच्या खोलीत कुलपात राहतात आणि फक्त लग्नाला किंवा जत्रेला निघतात. एरवी कुणी मागितली तर भांडण होतं. एका परातीवरून दोन भाऊबंद कायमचे तुटलेले मला माहीत आहेत. ती भांडी त्या दिवशी लग्न नसताना, जत्रा नसताना निघाली. पुरुषांनी दोन-दोन करून टोप उचलून आणले, बायकांनी पदराने पुसले आणि टँकरची नळी त्यात सोडली. माणसाला डाउट आला म्हणून गावकीचं कुलूप उघडल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मॅडम एका टोपाचा कान धरून उभी होती, तिच्या चपला चिखलात रुतल्या होत्या आणि तिला कुणी बाजूला हो म्हणत नव्हतं.

आता माझं दुखणं. पिंपं बाजूला झाली खरी, पण लोकांनी पाटकरला पैसे मोजले होते. ती पिंपं कुणी फुकट सोडेना आणि गावात राहू देणं धोक्याचं. आज नाही तर उद्या कुणीतरी भरणारच. पाटकर परत घेणार नाही हे मला त्याच्या जन्मापासून ठाऊक. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यभर भाव पाडला. त्या दिवशी भर रस्त्यात उलटा सौदा झाला. ज्या मालाची मला गॅरंटी नव्हती तो माल मी गावाकडून विकत घेतला, आणि तोही पाटकरच्या भावाच्या वर, कारण हिराआजीने पिंपं उचलून आणल्याची मजुरी लावली. मी ओरडलो, हात आपटले, काही उपयोग झाला नाही. कंपनीकडे मी नंतर भरपाईसाठी कितीदा खेपा घातल्या. साहेबांनी चहा पाजला. त्या चहाची चव अजून तोंडात आहे.

मॅडमची खुर्ची खरोखरच गेली. नोकरी राहिली, पण तिला स्टोअर आणि प्रयोगशाळेतून काढून आत कुठेतरी कागदांच्या कामावर बसवलं. ती त्याबद्दल माझ्याकडे एका शब्दाने बोलली नाही. मला हमालांकडून कळलं.

ती सगळी पिंपं माझ्या गोडाऊनमागे पडली होती. ती सुट्टीच्या दिवशी रोह्याहून गाडीने पेणला यायची, माझ्या अंगणात पिंपं उन्हात मांडायची आणि दुपारी एक-एक उघडायची. माझी बायको तिला जेवायला घालायची आणि मला बजावायची, आज तोंड आवरा. मीही हुंगायला बसायचो. वास कशालाच येईना. तिचं तेवढ्याने समाधान होईना. प्रत्येक पिंपात पाणी ठेवून ते बाटल्यांत भरून तिने मुंबईला ओळखीच्या प्रयोगशाळेत दिलं.

उत्तर आलं तेव्हा ती मुद्दाम रामवाडीला आली. मी गिऱ्हाइकाशी भांडत होतो, ते संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "शेठ, सगळी चांगली आहेत. साबणाचं तेलच होतं. दुसऱ्या मालाचं एकही पिंप त्या लॉटमध्ये नव्हतं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी पेटलो. म्हणजे गावाने त्या दिवशी पिंपं भरली असती तरी काही झालं नसतं? म्हणजे माझे पैसे, तुमची खुर्ची, ती भांडी, सगळं फुकट?

"हो," ती म्हणाली. "काही झालं नसतं."

"मग हे मला सांगायला कशाला आलात? थोडी वाईट निघाली म्हणाला असतात, तर मी छाती फुगवून मेलो असतो."

"तुमचं नुकसान भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. निदान खरं तरी द्यावं." आणि वर म्हणाली, "पण त्या दिवशी मला जेवढं माहीत होतं तेवढंच आज माहीत असतं, तर आजही मी तेच लिहिलं असतं."

तिच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना तोरा. मी खूप माणसं पाहिली. बरोबर ठरल्यावर ताठ राहणारी ढिगाने असतात. आपला डाउट खोटा ठरला हे स्वतः येऊन सांगणारी, आणि तरीही तो घेतला त्याबद्दल मान खाली न घालणारी, मी ती एकच पाहिली. पण हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी तिला चहासुद्धा विचारला नाही. बायकोनेच थांबवून घेतलं.

पुढच्या टँकरच्या दिवशी मी पिंपं परत गावात नेली. टेम्पोतूनच ओरडलो की माल चांगला आहे, घ्या. कुणी जागचं हललं नाही. मी म्हणालो, मी सांगतोय ना, इतकी वर्षं तुम्हाला पिंपं देतोय. हिराआजीने विचारलं, "बाय काय बोलली?"

"बाईच बोलली चांगली आहेत. एक-एक तपासली."

"मंग उतरव."

एवढंच. पिंपं दारोदार लागली, टँकरची नळी आत गेली, पहिली कळशी म्हातारीने स्वतः काढून प्यायली. भाव? पाटकरने लावला होता तोच. त्यावर पै वाढवून दिली नाही.

मॅडम पुढे लग्न होऊन गुजरातेत गेली, तिकडे मोठ्या कारखान्यात लागली असं ऐकलं. हिराआजीही गेली. त्या गावात आता नळ आला आहे, रोज नाही पण येतो. गेल्या वर्षी तिथे लग्नाला गेलो होतो. उन्हं फार होती. यजमानाने पोराला हाक मारून सांगितलं, "शेठला बाईच्या पिंपातला गार पानी आन." पडवीच्या सावलीत अजून टिकून आहेत ती, रंग उडून पांढुरकी झालेली. सगळं गाव त्यांना बाईची पिंपं म्हणतं. पैसे माझे गेले, टेम्पो माझा होता, नेली मी, परत आणली मी. मी दोन-तीन वेळा सांगून पाहिलं की बाबांनो, ती दामूशेठची पिंपं. लोक हो म्हणतात, आणि पुन्हा तेच नाव घेतात.

पाणी मात्र गार होतं. मी आणखी एक तांब्या मागवला.